कासवाच्या कातडीचे रोग : ओळख आणि काळजी



आपले पनवेल हे तळ्यांचे गाव. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे ही नावे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शिवाय गाढी नदी आहे, भाताची खाचरे आहेत, जुन्या विहिरी आहेत. जिथे पाणी तिथे कासव. शंकराच्या देवळात शिरताना सभामंडपात कोरलेले कासव असते. त्याला हात लावून मगच आपण पुढे जातो. पण हल्ली कासव देवळातून आणि तळ्यातून घराच्या दिवाणखान्यातही आले आहे. काचेच्या पेटीत, प्लास्टिकच्या टबात, कुठे कुठे तर घमेल्यातसुद्धा!

गाय हंबरते, कुत्रे भुंकते, मांजर दुखलं-खुपलं की ओरडते. कासव मुकेच. त्याला काय होतंय ते कोणाला कळणार? मित्रांनो, ते कळते. कासवाची कातडी आणि पाठ सगळे सांगत असते. फक्त ते वाचता आले पाहिजे. ते कसे वाचायचे, हे मी या लेखात सांगणार आहे.

आधी कायद्याचे बोलू

घरात दिसणारी कासवे मुख्यतः तीन प्रकारची असतात.

पहिले, आपल्या खाचरात आणि तळ्यात राहणारे मऊ पाठीचे कासव. त्याच्या पाठीवर कातडीचे आवरण असते आणि मागचे पाय झाकायला पोटाकडून दोन झडपा असतात. दुसरे, तारा कासव. त्याच्या काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतात. हे जमिनीवरचे, कोरड्या प्रदेशातले कासव आहे. ते आपल्या कोकणातले नाही. तिसरे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हिरवे कासव. दुकानात त्याला कोणी चिनी कासव म्हणतात, कोणी लकी कासव म्हणतात. खरे म्हणजे ते चीनचेही नाही आणि भाग्याचेही नाही. त्याचे मूळ घर अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात आहे.

पहिली दोन कासवे घरात ठेवणे हा गुन्हा आहे. आपल्या देशात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. मऊ पाठीचे कासव आणि तारा कासव ही दोन्ही या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही त्याच यादीत आहे! म्हणजे घमेल्यातले कासव आणि जंगलातला वाघ, कायद्याच्या दृष्टीने दोघांचा मान सारखाच. त्यामुळे खाचरात कासव दिसले तर बघावे आणि जाऊ द्यावे. पाळायला आणू नये, विहिरीत टाकायलाही आणू नये. विहिरीत कासव सोडले की पाणी स्वच्छ राहते असे जुनी माणसे म्हणतात. पण बांधीव विहिरीत त्याला वर यायला काठ नसतो आणि ऊन मिळत नाही. मग तिथेही त्याची पाठ बिघडते.

यापुढे मी जे सांगणार आहे ते मुख्यतः ज्यांच्या घरी आधीपासून लाल पट्ट्याचे कासव आहे त्यांच्यासाठी.

कवच म्हणजे डबा नव्हे

आपल्याला वाटते की कासव डब्यात राहते, आणि पाहिजे तर डब्यातून बाहेरही येईल. तसे नाही. कासवाचा कणा आणि बरगड्या पसरून, एकमेकांना जुळून त्याची पाठ झालेली असते. म्हणजे कवच हे त्याचे हाडच आहे. त्या हाडावर जिवंत कातडीचा थर असतो आणि सगळ्यांत वर खवले असतात. आपली नखे आणि केस ज्या पदार्थाचे असतात, त्याच जातीच्या पदार्थाचे हे खवले. लाल पट्ट्याच्या कासवाच्या पाठीवर मधल्या रांगेत ५ आणि दोन्ही बाजूंना ४-४ असे १३ मोठे खवले असतात. कडेने लहान खवल्यांची झालर असते. पुढच्या वेळी मोजून बघा.

या कवचाखाली रक्त वाहते. त्याला स्पर्श कळतो, दुखणेही कळते. म्हणून पाठीवर पडलेला डाग म्हणजे नुसता भांड्यावरचा डाग नव्हे. तो खोल गेला तर हाडापर्यंत जातो.

कात टाकणे हा रोग नाही

पुष्कळ लोक इथेच घाबरतात. पाण्यात कासवाच्या मानेभोवती, पायांवर पांढरट पातळ पापुद्रे लोंबताना दिसतात. साप कात टाकतो तशी कासवाची कातडीही थोडी थोडी निघते. वाढत्या कासवाचे पाठीवरचे खवलेही कांद्याच्या सालीसारखे पातळ, पारदर्शक असे सुटतात. खाली नवी, स्वच्छ, कडक पाठ दिसते. वास येत नाही, रक्त येत नाही, कासव जेवते-खेळते. हे निरोगी आहे. ते पापुद्रे नखाने ओढू नयेत. आपल्या गुडघ्यावरची खपली ओढली तर काय होते ते आपल्याला माहीतच आहे.

पाठीवरचे हिरवे शेवाळही घाबरण्यासारखे नसते. जुन्या मऊ टूथब्रशने हलकेच घासले की ते निघते. पण शेवाळाखाली काय आहे ते मात्र बघितलेच पाहिजे.

रोग ओळखण्याच्या खुणा

आठवड्यातून एकदा कासव उजेडात घ्यावे. स्वच्छ फडक्याने टिपावे आणि पाठ, पोट, मान, काखा व शेपटीची बाजू नीट बघावी. पोटाची बाजू पुष्कळजण विसरतात, पण घाण पाण्यात सगळ्यांत जास्त तीच असते. मग पुढील खुणा तपासाव्यात.

१. कापसासारखा पांढरा पुंजका. मानेवर, पायावर किंवा जखमेवर कापूस चिकटल्यासारखे दिसते. ही बुरशी असू शकते. पावसाळ्यात भाकरीवर येते तशीच ही वाढते. ओल आणि सावली तिला फार आवडतात.

२. पाठ कुजणे. खवल्यावर पांढरा, पिवळट किंवा काळसर डाग पडतो. बोटाने दाबले तर तिथे मऊ लागते. खवला उचलला जातो, खाली खळगा दिसतो, कधी दह्यासारखा पू असतो आणि घाण वास येतो. वास हीच मोठी खूण. निरोगी कासवाला कुजका वास येत नाही.

३. पोट आणि पाय लाल-गुलाबी होणे. पोटाच्या खवल्यांखाली रक्त साकळल्यासारखी लाली दिसते आणि कासव मलूल होते. ही धोक्याची खूण आहे. रोग रक्तात गेला असण्याचा संभव असतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

४. डोळे सुजणे आणि कातडी सोलवटणे. डोळे फुगून बंद होतात, मानेची कातडी जाड होते व सोलते. हे बहुधा जीवनसत्त्व ‘अ’ कमी पडल्याने होते. नुसती सुकट, जवळा खाऊन वाढलेल्या कासवाला हे होते.

५. पूर्ण पाठच मऊ होणे. मोठ्या कासवाची पाठ नखासारखी टणक पाहिजे. ती दबत असेल तर कॅल्शियम आणि ऊन कमी पडले आहे. लहान मुलांना मुडदूस होतो, त्याच जातीचा हा विकार.

६. चावे आणि खरचटणे. लहान पेटीत दोन-तीन कासवे कोंबली की ती एकमेकांचे पाय आणि शेपट्या चावतात. खरबरीत दगडावर चढून पोट खरचटते. जखम लहान असते, पण घाण पाण्यात तीच पुढे मोठी होते.

हे का होते?

आमच्या आळीत एका काकांकडे अशी दोन कासवे आहेत. आणली तेव्हा दहा रुपयांच्या नाण्याएवढी होती. विकणाऱ्याने सांगितले होते, “वाटीभर पाणी आणि चार दाणे, बास.” त्याप्रमाणे ती टीव्हीशेजारी काचेच्या पेटीत राहिली. वर्षभराने एकाच्या पाठीवर पांढरा ठिपका आला. शेजारची आजी म्हणाली, “कासवाला काय व्हतंय? त्याची पाठ दगराची हाय.” काकूंनी हळद आणि खोबरेल तेल लावले. डाग चकाकू लागला, म्हणून सगळ्यांना वाटले की बरे झाले. पंधरा दिवसांनी पेटीला वास यायला लागला. मग जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी कुजलेला भाग काढला, औषध दिले आणि म्हणाले, “औषध काही आठवड्यांचं आहे. पेटी मात्र कायमची बदला.”

काकांनी पेटी काढून टाकली आणि गच्चीवर मोठा टब केला. दोन-तीन महिन्यांनी जखम कोरडी झाली. खळगा अजून दिसतो, पण कासव आता उड्या मारत खायला येते. म्हणजे बघा, औषधाने जखम सुकली, पण रोग गेला तो घर बदलल्यामुळे. मला या लेखात जे एक वाक्य सांगायचे आहे ते हेच : कासवाचा रोग दिसतो पाठीवर, पण उगवतो भांड्यात.

भांड्यात तो कसा उगवतो? कासव पाण्यातच खाते आणि पाण्यातच शी-शू करते. उरलेले अन्न कुजते. त्या पाण्यात जंतू वाढतात. थोड्या पाण्यात ते फार लवकर वाढतात. तळ्यात असते तर कासव ओंडक्यावर चढून तासन्‌तास ऊन खात बसले असते. ऊन खाताना तीन कामे होतात. पाठ खडखडीत वाळते, त्यामुळे बुरशी व शेवाळ टिकत नाही. अंग गरम होते, कारण कासवाला आपल्यासारखी आतली ऊब नसते. अंग तापले तरच अन्न पचते आणि रोगाशी झगडायची ताकद येते. तिसरे म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या अंगात जीवनसत्त्व ‘ड’ तयार होते आणि हाड बळकट होते. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या तिसऱ्या कामाला चालत नाही, कारण हे किरण काच अडवते.

रोग टाळण्यासाठी काय करावे

पाणी. पाणी पुष्कळ पाहिजे. कासवाच्या पाठीच्या लांबीला दर इंचामागे सुमारे ४० लिटर, असा पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. मादी वाढून १० इंचांची होऊ शकते. गणित करा : १० × ४० = ४०० लिटर. म्हणजे २०० लिटरचे दोन पिंप भरून! दुकानातल्या त्या छोट्या पेटीत किती मावते? नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मग घालावे, म्हणजे त्यातला क्लोरिन बराचसा उडून जातो. पाण्याला वास येण्याची वाट न बघता ते बदलावे. खायला वेगळ्या टबात घातले तर मुख्य पाणी जास्त दिवस चांगले राहते.

बसायला कोरडी जागा. विटेला टेकवून एक गुळगुळीत कौल तिरपे ठेवले तरी चालते. कासवाला त्यावर चढून पूर्ण अंग पाण्याबाहेर काढता आले पाहिजे.

ऊन. सकाळचे कोवळे ऊन रोज थोडा वेळ तरी द्यावे. मात्र अर्ध्या भागावर सावली हवीच. आणि काचेची बंद पेटी उन्हात कधीही ठेवू नये. ती भट्टीसारखी तापते आणि कासव मरते. घार-कावळ्यांवर लक्ष ठेवावे. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसचे दिवस ऊन नसते. तेव्हा पाणी स्वच्छ ठेवण्याकडे आणि पाठ बघण्याकडे जास्त लक्ष द्यावे. ज्यांना परवडते ते अतिनील किरणांचा खास दिवा लावतात. साध्या बल्बने ऊब मिळते, पण ते किरण मिळत नाहीत.

खाणे. रोज सुकट नको. त्यात मीठही असते. गांडूळ, ताजा मासा कधीतरी, आणि मोठ्या कासवाला हिरवा पाला भरपूर. जास्वंदीची पाने, किसलेले गाजर, लाल भोपळा चालतो. गाजर-भोपळ्यातून जीवनसत्त्व ‘अ’ मिळते. कॅल्शियमसाठी समुद्रफेन टाकावा. काष्ठौषधींच्या दुकानात तो मिळतो. समुद्रफेन म्हणजे म्हाकुळाच्या अंगातले पांढरे हलके हाड. किनाऱ्यावर ते पडलेले आपण पाहिले असेल.

काय करू नये

पाठीला तेल, हळद, शेंदूर, नेलपॉलिश, ऑइलपेंट काहीही लावू नये. तेलावर घाण चिकटते आणि खाली जंतू सुखाने राहतात. रंगाने ऊन अडते. पूजेसाठी कासवाला कुंकू लावायचे असेल तर देवळातल्या दगडी कासवाला लावावे, ते काही तक्रार करत नाही! माणसांची मलमे आपल्या मनाने लावू नयेत. डाग चाकूने खरवडू नये. तारा कासवाला तर पाण्याच्या टबात ठेवणे म्हणजे हातपाय बांधून ठेवण्यासारखेच. ते कोरड्या रानाचे प्राणी आहे. सततच्या ओलीने त्याचे कवच कुजते. मुळात ते घरात असूच नये.

रोग दिसला तर

कासव वेगळे करावे. स्वच्छ, कोरड्या, उबदार टबात ठेवावे. पाणी पिण्यासाठी आणि खाण्यासाठी दिवसातून एक-दोनदा स्वच्छ पाण्यात सोडावे आणि पुन्हा कोरडे करावे. मग जनावरांच्या दवाखान्यात न्यावे. तिथले डॉक्टर नेहमी गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्री बघतात, तरी विचारायला लाजू नये. ते पुढचा मार्ग सांगतात. मुंबईत परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच आवारात जनावरांचे मोठे इस्पितळ आहे. जुने लोक त्याला ‘बैलघोडा’ म्हणतात. पनवेलहून लोकलने कुर्ल्याला गाडी बदलून परळला जाता येते. नेताना कासव हवेशीर खोक्यात ओल्या फडक्यावर ठेवावे, पाण्याच्या बादलीत नको.

नांगराचा फाळ लागून किंवा गाडीखाली येऊन जखमी झालेले रानातले कासव सापडले, तर घरी उपचार करत बसू नये. वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करावा.

आता आपल्या हातांचे

कासव अगदी निरोगी दिसले तरी त्याच्या आतड्यात आणि पाठीवर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांचा कासवाला त्रास नाही, पण आपल्याला जुलाब, उलट्या आणि ताप येतो. लहान बाळांना आणि आजी-आजोबांना ते जास्त धोक्याचे. अमेरिकेत लहान मुले कासव तोंडाजवळ नेऊन आजारी पडू लागली, म्हणून तिथे १९७५ साली ४ इंचांपेक्षा लहान कासवे विकायलाच बंदी घातली. म्हणून कासवाला हात लावला की साबणाने हात धुवा. त्याचे भांडे मोरीत, स्वयंपाकाची भांडी घासतो तिथे धुऊ नका. कासवाची पापी तर मुळीच घेऊ नका!

तळ्यात सोडू नका

आता खरी गोष्ट. कासव मोठे झाले, वास यायला लागला, पाठ कुजली, की घरातली मोठी माणसे म्हणतात, “जाऊ दे, तळ्यात सोडून ये. त्यालाही बरं, आपल्यालाही बरं.” मित्रांनो, त्याने कोणाचेच बरे होत नाही. हे परदेशी कासव आपल्या कासवांची बसायची जागा आणि अन्न पळवते आणि आपले रोगही त्यांना देऊ शकते. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. ज्या पाठीचा रोग आपल्या पेटीत उगवला, तो वडाळे तळ्यातल्या मुक्या कासवांच्या पाठीवर का टाकायचा? सांभाळता येत नसेल तर डॉक्टरांना विचारून ज्याच्याकडे मोठी जागा आहे अशा माणसाला द्यावे.

आणि ज्यांच्याकडे अजून कासव नाही, त्यांना माझे सांगणे एवढेच की आणू नका. हे कासव २० ते ३० वर्षे जगते. आज पाचवीतल्या मुलाने हट्ट धरून आणलेले कासव त्याच्या लग्नातही असेल. तेवढी वर्षे पाणी बदलायची तयारी आहे का, हे आधी आईला विचारा. कारण बहुतेक घरांत शेवटी पाणी तीच बदलते!

लक्षात ठेवा

• कात निघणे चांगले, वास येणे वाईट.
• मऊ डाग, लाल पोट, सुजलेले डोळे : लगेच डॉक्टर.
• पुष्कळ पाणी, कोरडी जागा, खरे ऊन.
• तेल-हळद-रंग नको.
• कासवाला हात लावला की साबण.
• रानातले कासव रानात, परदेशी कासव तळ्यात नाही.

तुमच्यासाठी प्रश्न : लाल पट्ट्याच्या ६ इंची कासवाला किती लिटर पाणी लागेल? आणि तुमच्या घरातली सर्वांत मोठी बादली किती लिटरची आहे? दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून बघा. उत्तर तुम्हालाच सापडेल.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी